परीक्षकाची परीक्षा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत पाहून आपल्यापैकी काहींनी तो दोनदा वाचला असेल. संगणकाच्या अगदी गाभ्यात एक भाषांतरकार काम करीत असतो. त्याचे भाषांतर बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी चाचण्या लिहिलेल्या असतात. आणि त्या चाचण्या तरी बरोबर लिहिल्या आहेत काय, हे कोणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते. या शेवटच्या माणसाच्या कामाविषयी मला आज बोलावयाचे आहे. भाषांतरकार, त्याच्यावर परीक्षक आणि परीक्षकावर पुन्हा परीक्षक, अशी ही उतरंड पाहून कोणी म्हणेल की, हा तर पंडितांचा रिकामा खेळ झाला. तसे नाही, हे दाखविण्याचा माझा प्रयत्न आहे.

ही उतरंड आपल्या बाजारपेठेत पूर्वीपासून आहे. वाण्याच्या दुकानातील वजने वजनमापांचा निरीक्षक तपासतो आणि त्यांवर शिक्का मारतो. पण निरीक्षकाच्या पेटीतील वजने बरोबर आहेत हे कशावरून? ती दुय्यम प्रमाण वजनांशी ताडलेली असतात, दुय्यम वजने संदर्भ वजनांशी ताडलेली असतात, आणि ही साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचते. वाण्याचे एक वजन खोटे निघाले तर त्याच्या गिऱ्हाइकांचे नुकसान होते. निरीक्षकाचे वजन खोटे निघाले तर साऱ्या पेठेचे नुकसान होते, आणि तेही सरकारी शिक्क्यानिशी. खोट्या वजनाचा संशय तरी येतो. खोट्या शिक्क्याचा संशयही येत नाही. माझ्या विषयाचे सारे महत्त्व या एका वाक्यात आहे.

१९ जुलै २०२४ हा दिवस आपल्याला आठवत असेल. त्या दिवशी जगभर विमानतळ, बँका आणि रुग्णालये यांतील संगणक निळा पडदा दाखवून एकाएकी बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे विंडोज प्रणालीवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे यात सापडली. कारण काय, तर क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीला पाठविलेली एक लहानशी माहिती-फाइल. ती फाइल तपासूनच पाठविलेली होती. तपासणारा चुकला होता. तो नेमका कसा चुकला हे मी पुढे सांगणार आहे, कारण आजच्या विषयाचा धडा त्यातच आहे. पण आधी संगणकाचा गाभा म्हणजे काय ते पाहू.

संगणकात एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असतात. पत्र लिहिण्याची एक, हिशेबाची एक, चित्रे दाखविण्याची एक. या सर्वांना स्मृती, तबकडी आणि जाळ्याची जोडणी वाटून देणारी जी मूळ आज्ञावली, तिला कर्नेल म्हणजे गाभा असे म्हणतात. वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत आणि पाण्याचा नळ, जिना व दिंडीदरवाजा यांची व्यवस्था एकाच्या हाती असावी, तसे हे आहे. एका बिऱ्हाडात भांडे फुटले तर त्या बिऱ्हाडापुरता प्रश्न असतो. व्यवस्थापकाचाच तोल गेला तर सारा वाडा बंद पडतो. म्हणून गाभ्यात परक्या माणसाला पाऊल टाकू देत नाहीत.

परंतु कधी कधी परक्याला आत घेण्याची गरज पडते. जाळ्यावरून संगणकाकडे माहितीच्या पुड्या सतत येत असतात. त्यांतील फक्त अमुक प्रकारच्या पुड्या मला दाखवा, असे एखाद्या तपासनिसाला हवे असते. प्रत्येक पुडी गाभ्यातून बाहेर आणून निवडावयाची म्हटले तर निवडीपेक्षा वाहतुकीचाच खर्च मोठा. यावर अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी एक युक्ती काढली व १९९३ च्या युझनिक्स परिषदेत मांडली. माल बाहेर आणण्याऐवजी निवड करणारा नियमच आत पाठवावा, अशी ती युक्ती. हा नियम एका साध्या, कल्पित यंत्राच्या भाषेत लिहावयाचा. या व्यवस्थेला बर्कली पॅकेट फिल्टर, संक्षेपाने बीपीएफ, असे नाव मिळाले.

फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स या प्रणालीने ही युक्ती उचलली, आणि २०१४ मध्ये अलेक्सेई स्टारोव्होइटोव्ह यांच्या पुढाकाराने तिचा फार मोठा विस्तार झाला. नव्या कल्पित यंत्राला ६४ बिटांची ११ रजिस्टरे, म्हणजे आकडे ठेवण्याचे ११ कप्पे, मिळाले. आता केवळ पुड्या निवडणेच नव्हे, तर गाभ्यातील घडामोडींवर नजर ठेवणे, वाहतूक वळविणे, हिशेब ठेवणे, अशी अनेक कामे या लहान पाहुण्या आज्ञावल्या करतात. ही गोष्ट दूरची नाही. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून फोनवरील कोणत्या अॅपने किती डेटा वापरला याची मोजदाद याच व्यवस्थेने होते. म्हणजे या सभागृहात बसलेल्या पुष्कळांच्या खिशात ती या क्षणी काम करीत आहे.

पाहुणा आत घेताना दारावर त्याची झडती होते. ही झडती घेणाऱ्या भागाला व्हेरिफायर म्हणतात. पाहुणी आज्ञावली कोणकोणत्या वाटांनी जाऊ शकेल ते हा भाग आधीच मनाशी चालून पाहतो. ती आपल्या मर्यादेबाहेरच्या स्मृतीला हात तर लावणार नाही ना, ती कधीच न संपणारी तर नाही ना, हे तो पाहतो. शंका आली तर परत पाठवितो.

झडती झाल्यावर आज्ञावली चालवावयाची कशी? ती आहे कल्पित यंत्राच्या भाषेत. खऱ्या प्रोसेसरला ती कळत नाही. येथे दोन मार्ग आहेत. पहिला दुभाष्याचा. कोर्टात साक्षीदाराचे एक वाक्य झाले की दुभाष्या ते सांगतो, मग पुढचे वाक्य. हा मार्ग सोपा आहे, पण संथ. दुसरा मार्ग म्हणजे काम सुरू होण्याच्या क्षणी संपूर्ण जबानीचे एकदम भाषांतर करून घ्यावयाचे आणि पुढे ते भाषांतरच वापरावयाचे. याला ऐनवेळचे संकलन, किंवा त्या धंद्यातील माणसांच्या शब्दांत जिट, असे म्हणतात. कल्पना जुनी आहे. केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्येच मजकूर शोधण्याचे नियम ऐनवेळी आयबीएम ७०९४ च्या यंत्रभाषेत उतरविण्याची रीत प्रसिद्ध केली होती. लिनक्सच्या गाभ्यात बीपीएफसाठी असा भाषांतरकार २०११ मध्ये आला. प्रोसेसरची प्रत्येक जात निराळी भाषा बोलते, म्हणून इंटेलसाठी एक, आर्मसाठी एक, रिस्क-फाइव्हसाठी एक, असे आज अनेक भाषांतरकार आहेत.

आता धोका कोठे आहे तो पाहा. झडती होते ती मूळ मजकुराची, आणि प्रत्यक्षात चालते ते भाषांतर. दोहोंत एका अक्षराचा जरी फरक पडला तरी दारावरची सारी झडती वाया गेली. भाषांतरकाराच्या मागे दुसरा पहारा नाही.

हा धोका पुस्तकी नाही. दोन उदाहरणे देतो.

प्रोसेसरच्या भाषेत ‘पुढे अमुक इतकी घरे उडी मार’ अशी आज्ञा असते. इंटेलच्या जातीत जवळची उडी, म्हणजे १२७ घरे पुढे किंवा १२८ घरे मागे यांच्या आतली, दोन बाइटांत लिहिता येते. लांबची सशर्त उडी लिहावयास सहा बाइट लागतात. आता अडचण अशी की, उडी जवळची की लांबची हे मधल्या आज्ञांच्या लांबीवर अवलंबून, आणि मधल्या आज्ञांत पुन्हा उड्या असतात. म्हणून भाषांतरकार अनेक फेऱ्या करतो. प्रत्येक फेरीत लांबी आक्रसत जाते आणि शेवटी स्थिर होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये असे उघडकीस आले की, काही मुद्दाम रचलेल्या आज्ञावल्यांत उड्यांचे हे अंतर चुकीचे मोजले जाते. अशी उडी भलत्याच ठिकाणी, एखाद्या आज्ञेच्या पोटात जाऊन पडते. शब्दाच्या मधून वाचावयास सुरुवात केली तर निराळाच शब्द होतो. ‘नवरस’ मधील पहिले अक्षर सोडले तर ‘वरस’ उरते. तसेच येथे आज्ञांचे भलतेच अर्थ होतात, आणि संगणकाचा सामान्य वापरकर्ता त्या आडवाटेने गाभ्याचा मालक होऊ शकतो. शेवटच्या फेरीत प्रत्येक आज्ञेचे स्थान आधी मोजलेल्या स्थानाशी जुळते काय ते पाहावे आणि न जुळल्यास भाषांतर नाकारावे, अशी दुरुस्ती करण्यात आली.

दुसरे उदाहरण अधिक साधे आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. ३२ बिटांच्या जुन्या प्रोसेसरवर ६४ बिटांचा आकडा दोन कप्प्यांत ठेवावा लागतो, एक वरचा व एक खालचा. आकडा डावीकडे ५ घरे सरकवावयाचा असेल तर खालच्या कप्प्यातून बाहेर पडणारे ५ बिट वरच्यात गेले पाहिजेत. ते मिळविण्यासाठी खालच्या कप्प्याची एक प्रत उजवीकडे ३२ वजा ५, म्हणजे २७ घरे सरकवतात. उरतात ते नेमके ५ बिट. रीत बरोबर आहे. पण ५ च्या जागी ० आला तर? ० घरे सरकवा, म्हणजे काहीच करू नका. रीतीप्रमाणे प्रत ३२ वजा ०, म्हणजे ३२ घरे सरकवावी लागते आणि काहीही उरू नये. परंतु इंटेलचा प्रोसेसर येथे घड्याळासारखा वागतो. बारा तासांनी काटा जसा पुन्हा त्याच जागी येतो, तसे ३२ घरे सरकविणे म्हणजे त्याच्या लेखी ० घरे सरकविणे. परिणाम असा की, खालचा कप्पा जसाच्या तसा वरच्या कप्प्यात मिसळतो. ‘काही करू नका’ या आज्ञेने आकडा बिघडतो! ही चूक वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दुरुस्त केली. १, ५, १७, ३१ घेऊन कितीही चाचण्या घेतल्या असत्या तरी ती सापडली नसती. ती फक्त शून्यावर सापडते, आणि शून्य घेऊन पाहण्याचे कोणाला सुचत नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही.

आता आपण परीक्षकाकडे वळू. लिनक्सच्या गाभ्यातच २०१४ पासून टेस्ट-बीपीएफ नावाचा एक भाग आहे. त्याचे स्वरूप एका लांबलचक कोष्टकासारखे आहे. प्रत्येक ओळीत चाचणीचे नाव, कल्पित यंत्राच्या काही आज्ञा, त्यांना द्यावयाची माहिती आणि अपेक्षित उत्तर. आज्ञा भाषांतरित करून चालवावयाच्या, उत्तर ताडून पाहावयाचे. २०२१ मध्ये या कोष्टकात मोठी भर पडली. सरकविण्याच्या प्रत्येक शक्य संख्येची, रजिस्टरांच्या प्रत्येक जोडीची, जवळच्या व लांबच्या उड्यांची, अशी पद्धतशीर तपासणी त्यात आली. शून्यही आपोआप आले.

याच सुमारास एक गमतीची गोष्ट नजरेस आली. एक पाहुणी आज्ञावली आपले काम दुसरीच्या हवाली करू शकते, दुसरी तिसरीच्या. ही खो-खोची साखळी अखंड चालू नये म्हणून तिला मर्यादा आहे. गाभ्याच्या मजकुरात ही मर्यादा ३२ लिहिलेली होती; पण दुभाष्या प्रत्यक्षात ३३ खो देऊ देत होता, आणि वेगवेगळे भाषांतरकार या बाबतीत एकमेकांशी जुळत नव्हते. म्हणजे एकच आज्ञावली एका यंत्रावर एक खो अधिक देई. यात खरे कोण? शेवटी २०२१ च्या नोव्हेंबरात, प्रत्यक्षात चालत आलेले ३३ हेच प्रमाण धरून लिखित मर्यादा बदलण्यात आली. चाचणी लिहिताना उत्तर काय असावे हे कागदावर लिहावे लागते. आणि कागदावर लिहू लागले की, आपण इतके दिवस काय गृहीत धरले होते ते उघडे पडते. चाचणीचा हा एक मोठा आणि दुर्लक्षित उपयोग आहे.

परंतु केवळ उत्तर ताडून भागत नाही. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाचा दोष जगापुढे आला. आधुनिक प्रोसेसर वेळ वाचविण्यासाठी पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करू लागतो. अंदाज चुकला तर केलेले पुसतो. पण पुसल्यावरही खुणा राहतात, आणि त्या खुणांवरून गुपित ओळखता येते. यावर उपाय म्हणून लिनक्समध्ये २०२१ पासून पाहुण्या आज्ञावलीत योग्य जागी एक रोधक आज्ञा घालण्याची सोय आहे; इंटेलच्या प्रोसेसरवर ती ‘एलफेन्स’ या यंत्र-आज्ञेत उतरते. तिचे काम एवढेच की, येथे थांब, अंदाजाने पुढे जाऊ नकोस. ही आज्ञा भाषांतरकाराने विसरून गाळली तर काय होईल? उत्तरात काहीच फरक पडणार नाही. बेरीज तीच, वजाबाकी तीच. सर्व चाचण्या उत्तीर्ण! आणि दाराची कडी मात्र निघालेली. कुलूप नसतानाही दार बंद दिसते. ते ढकलून पाहणारा चोर येईपर्यंत घरातल्या कोणालाही फरक कळत नाही.

म्हणून भाषांतर उत्तरावरून न तपासता, ते स्वतः उघडून वाचण्याची गरज पडते. २०२४ मध्ये लिनक्सच्या चाचण्यांत अशी सोय झाली. भाषांतरकाराने तयार केलेले यंत्रभाषेतील बाइट घ्यावयाचे, एलएलव्हीएम नावाच्या प्रसिद्ध संकलक-संचातील उलट-वाचकाकडून त्यांचे पुन्हा माणसाला वाचता येतील अशा ओळींत रूपांतर करावयाचे, आणि चाचणी लिहिणाऱ्याने आधी लिहून ठेवलेल्या अपेक्षित ओळींशी त्या ताडावयाच्या. या रीतीने तपासलेल्या आरंभीच्या भाषांतरांत खो देण्याच्या साखळीचेच भाषांतर होते, आणि त्याच्या अपेक्षित ओळींत षोडशमान पद्धतीने २१, म्हणजे आपल्या हिशेबाने ३३, या संख्येशी तुलना करणारी एक ओळ आहे. मघाशी ज्या आकड्यावरून घोळ झाला होता तो असा पक्का होऊन कागदावर आला.

अशी चाचणी कोणी लिहिली की ती लगेच गाभ्यात जात नाही. दुसरे जाणकार ती ओळ न् ओळ वाचतात. लेखी मजकूर चारचौघांनी बसून वाचण्याचे महत्त्व आयबीएमचे मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये पद्धतशीरपणे मांडले होते. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखाली ती सादर करणाऱ्याची सही असते, आणि ज्याने परीक्षण केले त्याचेही नाव लिहिण्याचा प्रघात आहे. चाचणीच्या आज्ञावलीला यातून सूट नाही. उलट माझे म्हणणे असे की, तिचे वाचन अधिक कडक असावे. साध्या आज्ञावलीत चूक असली तर केव्हातरी कोणीतरी ओरडतो. चाचणीत चूक असली तर ती गप्प राहते आणि ‘सर्व ठीक’ असे सांगत राहते.

तर असे वाचन करणाऱ्याने काय विचारावे?

पहिला प्रश्न असा की, ही चाचणी अनुत्तीर्ण होऊ शकते काय? प्रश्न विचित्र वाटतो, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या परीक्षेत कोणी नापास होऊच शकत नाही ती परीक्षा नव्हे, हळदीकुंकू आहे. याचे उत्तर मिळविण्याची रीत सरळ आहे. भाषांतरकारात मुद्दाम एक चूक करावी, रोधक आज्ञा गाळावी, ३३ चे ३४ करावे, आणि चाचणी ओरडते की नाही ते पाहावे. न ओरडली तर ती परत पाठवावी.

दुसरा प्रश्न. अपेक्षित उत्तर आले कोठून? भाषांतरकाराने आज जे दिले तेच उतरवून ‘अपेक्षित’ म्हणून लिहिणे फार सोपे असते. पण ते म्हणजे विद्यार्थ्याच्या वहीवरून उत्तरपत्रिका तयार करणे होय. आजची चूक त्यात प्रमाण होऊन बसते. प्रत्येक अपेक्षित ओळ का हवी, हे लेखकाला मूळ नियमावरून सांगता आले पाहिजे.

तिसरा प्रश्न ढिलाईचा व ताठरपणाचा. भाषांतरातील पत्ते दर वेळी बदलतात. ते जसेच्या तसे लिहिले तर चाचणी आज उत्तीर्ण आणि उद्या नापास होईल, आणि लोक तिच्याकडे लक्ष देणे सोडतील. म्हणून उडीच्या पत्त्यांच्या जागी एल-शून्य, एल-एक अशा खुणा ठेवल्या जातात. ओळी लागोपाठच्या आहेत असे धरले जाते, आणि मध्ये काही ओळी सुटल्या तरी चालतील असे म्हणावयाचे असेल तर तसे तीन टिंबे देऊन उघड लिहावे लागते. ही सूट कोठे द्यावी हाच खरा विवेक. रोधक आज्ञेच्या नेमक्या जागी तीन टिंबे दिली तर चाचणी तपासते तरी काय?

येथे मी आरंभी राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. १९ जुलै २०२४ च्या घटनेची जी कारणमीमांसा कंपनीने पुढे प्रसिद्ध केली तिच्यात असे आहे. संरक्षक आज्ञावलीतील एका प्रकारच्या नियमाला २१ रकाने ठरविलेले होते. आज्ञावली प्रत्यक्षात २० च रकान्यांची माहिती पुरवीत होती. ही तफावत चाचण्यांत का दिसली नाही? कारण चाचण्यांत एकविसाव्या रकान्यासाठी ‘काहीही चालेल’ अशीच खूण वापरलेली होती. काहीही चालेल म्हटल्यावर तो रकाना उघडून पाहण्याची वेळच येत नाही. फाइल तपासणारा भागही २१ रकाने मिळतीलच असे धरून चालला होता. त्या दिवशी प्रथमच एकविसाव्या रकान्यासाठी खरा निकष असलेला नियम बाहेर पाठविला गेला. गाभ्यात काम करणारी आज्ञावली नसलेला एकविसावा रकाना पाहावयास गेली, आपल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचू लागली आणि यंत्र कोसळले. ही घटना विंडोजवरची आहे आणि तेथे भाषांतरकाराचा संबंध नव्हता, हे मान्य. पण धडा तोच आहे. चाचणीत एका जागी ‘काहीही चालेल’ असे लिहिले होते, आणि तेथे काय चालत नाही हे ८५ लाख यंत्रे बंद पडल्यावर कळले.

चौथा प्रश्न. चाचणी झाली नाही तर ती काय सांगते? इंटेलसाठी लिहिलेल्या अपेक्षित ओळी आर्मच्या यंत्रावर निरर्थक. तेथे चाचणी वगळली पाहिजे. उलट-वाचक उपलब्ध नसेल तेथेही ती होऊ शकत नाही. पण वगळणे म्हणजे उत्तीर्ण होणे नव्हे. गैरहजर विद्यार्थ्यापुढे ‘गैरहजर’ असेच लिहिले पाहिजे. टेस्ट-बीपीएफमध्ये हाच धोका दुसऱ्या रूपाने होता. भाषांतरकार बंद असेल तर दुभाष्या तेच काम करून बरोबर उत्तर देतो, आणि ज्याची परीक्षा घ्यावयाची तो परीक्षेला बसलेलाच नसतो! म्हणून तो भाग प्रत्येक चाचणीपुढे भाषांतर झाले की नाही ते लिहितो आणि शेवटी किती चाचण्यांचे भाषांतर झाले त्याची बेरीज देतो. वाचणाऱ्याने उत्तीर्णांची संख्या पाहण्याआधी ही बेरीज पाहावी.

आणि पाचवा प्रश्न सीमांचा. शून्य घेतले आहे काय? १२७ आणि १२८ दोन्ही घेतले आहेत काय? ३२ व ३३? शेताचा तंटा बांधावरच होतो, मध्यावर होत नाही. चुकांचेही तसेच आहे.

कोणी विचारील की, माणसाने इतके डोळे फोडण्यापेक्षा गणिताने सिद्धच का करू नये? तोही प्रयत्न झाला आहे. मघाशी उल्लेखिलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी जिटरबग नावाचे साधन तयार करून त्यावरील काम २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी ३२ बिटांच्या रिस्क-फाइव्हसाठी सिद्धतेसह नवा भाषांतरकार लिहिला आणि वापरात असलेल्या पाच भाषांतरकारांत, कोणालाही ठाऊक नसलेल्या १६ चुका शोधून दुरुस्त केल्या. हे भाषांतरकार चाचण्या उत्तीर्ण झालेले होते, हे विसरू नये. चाचणी चूक आहे हे दाखवू शकते. चूक नाही हे दाखवू शकत नाही. तथापि सिद्धतेलाही ‘बरोबर म्हणजे काय’ याची व्याख्या लागते. ती व्याख्या माणूस लिहितो, आणि ती बरोबर आहे काय हे दुसऱ्या माणसालाच वाचून पाहावे लागते. वजनांची साखळी कितीही लांबविली तरी तिच्या टोकाशी कोणीतरी जबाबदार माणूस उभा असतो.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्यापैकी बहुतेकांना गाभ्याची आज्ञावली कधी लिहावी लागणार नाही. पण प्रमाणपत्रे आपण रोज पाहतो. पूल तपासला, औषध तपासले, विजेचे मीटर तपासले, असे शिक्के आपल्यापुढे येतात आणि आपण विश्वासाने पुढे जातो. तसे जावेच लागते. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट तपासावयाची म्हटले तर जगणे अशक्य होईल. मात्र जेथे आपल्याला विचारण्याचा अधिकार आहे तेथे एक प्रश्न अवश्य विचारावा. तपासले काय, हा तो प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. काय आढळले असते तर तुम्ही हा शिक्का मारला नसता, हे विचारावे. ज्याला याचे नेमके उत्तर देता येते त्याने खरोखर तपासले आहे. ज्याला देता येत नाही, त्याच्या यादीत कोठेतरी एकविसावा रकाना ‘काहीही चालेल’ म्हणून सोडलेला आहे, असे खुशाल समजावे.